भिंत काही लक्षात ठेवत नाही

सोहारला, समुद्राकडून दुसऱ्या गल्लीत
सईद बिन खलफानचा बंगला उभा राहतोय
थर्माकोलचा.

हसू नका. मीही हसलो होतो.
ट्रक आला तेव्हा वाटलं, टीव्हीची खोकी उतरवतायत.
दोन्ही काखांत दोन ठोकळे मारून
तौहीद शिडी चढला, शीळ घालत.
हाच तौहीद. मे महिन्यात
आठ इंची ब्लॉक वाहताना त्याचा घोळणा फुटला होता.

ठोकळ्यावर ठोकळा, दातात दात,
मध्ये पोकळी, पोकळीत सळया.
माल कालवणं नाही, थापी नाही, दर्जा भरणं नाही.
कुरियन इंजिनियर म्हणाला,
"मेस्त्री, आता तुम्ही फक्त बघा."
सव्वीस वर्षांत मला कुणी
फक्त बघायचे पैसे दिले नव्हते.

मी लांज्याचा. हात चिऱ्यावर बसलेला.
चिरा तासताना बोलतो,
कच्चा असला तर भसभसतो, पक्का असला तर खणकन उत्तर देतो.
इकडे आल्यावर ब्लॉकची बोली शिकलो.
ह्या पांढऱ्याला टिचकी मारली,
तर गादीला मारल्यासारखी.

ब्लॉकच्या भिंतीला सात दिवस पाणी मारावं लागतं.
इथल्या उन्हात
पाईप वळवेपर्यंत मारलेलं उडून जातं.
तौहीद गोणपाटं भिजवून लावायचा,
ताप आलेल्या पोराच्या कपाळावर घडी ठेवावी तशी.
ह्या भिंतीला नको ते.
ती आपलं पाणी आपल्यातच धरून ठेवते.
तौहीदचे ते सात दिवस कुठे गेले
ते ड्रॉइंगमध्ये दाखवलेलं नाही.

काँक्रीट रात्री ओतलं, बर्फ घातलेलं.
दीड वाजता पंपाची सोंड भिंतीवर आली.
कमरेएवढं भरायचं, थांबायचं, मग पुढचं.
पंपवाल्या गुलजमानला घाई होती,
उजाडायच्या आत दुसरी साईट.
उत्तरेच्या कोपऱ्यात मला काहीतरी ऐकू आलं.
करकर नव्हे. करकरीच्या आधीचं.
खिशातला ओळंबा सोडला
आणि दोरा मध्येच भिंतीला टेकला,
जिथं टेकायला नको होता.

"बंद कर!" मी मराठीतच ओरडलो.
गुलजमानला कळलं.
फळी, दोन टेकू, मूठभर स्क्रू.
हळूहळू भिंतीनं पोट आत घेतलं.
कुरियननं घड्याळ बघितलं. मग चहा आला,
साखर जास्त.

पंधरा दिवसांनी, ऐन ऑगस्टात,
सईदचा म्हातारा बाप काठी टेकत आला.
दुपारची वेळ, काम बंद, आम्ही आत सावलीला.
त्यानं पश्चिमेच्या भिंतीला आतून तळवा लावला,
बराच वेळ ठेवला.
मग मोडक्या हिंदीत म्हणाला,
आमची भिंत खजुरीच्या झावळ्यांची, वारा आत यायचा.
मग ब्लॉकची आली, ती ऊन घेऊन यायची,
मध्यरात्रीपर्यंत परत देत बसायची.
ही काहीच लक्षात ठेवत नाही.
तक्रार होती की कौतुक, कळलं नाही.
मी मान हलवली. दोन्हीला चालेल अशी.

बायको फोनवर विचारते,
पडवीच्या भिंतीला चिरा घ्यायचा की ब्लॉक?
चिरा महाग झालाय म्हणे, आणि माणसं मिळत नाहीत.
मी म्हटलं, बघू.
थर्माकोलचं नाव काढलं असतं
तर तिनं डॉक्टरला विचारलं असतं.

कापलेले तुकडे कचऱ्यात जातात.
मी दोन गोण्या भरून कॅम्पवर नेल्या,
आमच्या केबिनच्या पत्र्याला आतून चिकटवले,
फटींत चिंध्या कोंबल्या.
तौहीदच्या खाटेपासून सुरुवात केली.
खिडकीपाशी तुकडे संपले.

माझ्या उशाशी अजून पत्राच आहे.
रात्री अकराला हात लावला
की कळतं, दुपारी ऊन किती होतं.